युरोपातल्या प्लेगनंतर मजुरांची मजुरी खरंच वाढली होती का?

गिरणगावचा_नातू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. माझे खापरपणजोबा परळला गिरणीत लागले होते आणि घरात आजीपासून एक गोष्ट ऐकत आलोय, की मुंबईत प्लेग आला तेव्हा ते बोटीने गावी गेले, काही महिन्यांनी परत आले तर गिरण्या अर्ध्या रिकाम्या, आणि मग त्यांना "रोजचा रोख" मिळायला लागला, म्हणजे महिन्याचा पगार नाही, रोज संध्याकाळी हातात पैसे. आजी हे सांगताना दरवेळी म्हणायची, "तेवढेच दिवस गिरणीला आपली किंमत कळली."

आता गेल्या आठवड्यात ट्रेनमध्ये एक व्हिडिओ बघितला, चौदाव्या शतकात युरोपात जो प्लेग आला त्यावर, ब्लॅक डेथ म्हणतात तो. त्यात शेवटी सांगितलं की निम्मी माणसं मेली पण उरलेल्यांचं भलं झालं, मजुरी वाढली, शेतमजूर मोकळे झाले, आणि हे सगळं असं सांगितलं की जणू पाऊस पडला आणि पीक आलं. मला ते ऐकून कसंतरीच झालं. एक तर एवढी माणसं गेली त्याचं काहीच नाही, आणि दुसरं म्हणजे ते खरं असेल तर आमच्या गिरणीवाल्यांचं का नाही झालं भलं? त्यांच्या वाट्याला फक्त "तेवढेच दिवस" का आले?

तो रोग पसरला कसा, मजुरी खरंच वाढली का, आणि वाढली असेल तर ती टिकली कशामुळे, हे कुणी नीट सांगेल का? मी कॉमर्सवाला आहे, इतिहास दहावीपर्यंतच.

गिरगावच्या_बाई

तुमच्या आजींचं वाक्य वाचून थांबलेच जरा. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा पसरण्याचं मी सांगते, मजुरीचं इथले बाकीचे जास्त चांगलं सांगतील.

काळ्या समुद्राच्या काठावर क्रिमियात काफा नावाचं बंदर होतं, ते जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांच्या ताब्यात. १३४६ मध्ये मंगोलांच्या एका शाखेच्या जानी बेग नावाच्या खानाने त्याला वेढा घातलेला होता आणि त्याच्याच सैन्यात रोग शिरला. त्याने प्रेतं गोफणयंत्राने तटाच्या आत फेकली ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती ज्याने लिहून ठेवली तो इटलीतल्या पिआचेंझाचा एक वकील, आणि तो स्वतः तिथे असण्याची शक्यता फार कमी. आणि खरं सांगायचं तर फेकण्याची गरजही नव्हती, उंदराला तटाबिटाची काय अडचण. काफामधून धान्य, कातडी, गुलाम असं सगळं जहाजाने जायचं, त्या जहाजांतून उंदीर आणि उंदरांच्या पिसवा गेल्या. १३४७ च्या ऑक्टोबरात सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात जिनोआची जहाजं लागली आणि तिथून पुढे थांबलंच नाही. मार्सेय, जिनोआ, व्हेनिस, १३४८ च्या वसंतात फ्लोरेन्स, उन्हाळ्यात पॅरिस आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा, शरदापर्यंत लंडन, १३४९ मध्ये नॉर्वेचं बर्गन. दुसऱ्या बाजूला अलेक्झांड्रिया, कैरो, दमास्कस, आणि १३४९ मध्ये थेट मक्का.

वर्गात मी मुलांना नकाशा काढून द्यायचे आणि विचारायचे, क्रिमियाहून मॉस्को जवळ की लंडन? मॉस्कोच जवळ. पण मॉस्कोत प्लेग पोचला १३५३ च्या सुमारास, सगळ्यात शेवटी, अख्ख्या युरोपला वळसा घालून, कारण तो माणसाच्या आणि मालाच्या वाटेने गेला. जिथे बाजार मोठा तिथे आधी. आपल्याकडे १८९६ मध्ये पहिले रोगी मांडवीत सापडले ते का, तर तिथे गोदी आणि तिथेच धान्याची गोदामं.

माणसं किती गेली याचे आकडे वेगवेगळे आहेत, पण युरोपातली एक तृतीयांश ते निम्मी, चार-पाच वर्षांत. मला आकड्यापेक्षा सिएना गावचा आन्योलो दि तुरा आठवतो, मोजे-जोडे करणारा माणूस, त्याने लिहून ठेवलंय की माझी पाच मुलं मी माझ्या हाताने पुरली. त्याच सिएनात तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं चर्च बांधायला घेतलं होतं. ते काम थांबलं ते थांबलंच, त्याची एक उंच भिंत आजही नुसती उभी आहे, पलीकडे काही नाही.

आपल्याकडचं विचाराल तर १३४७ म्हणजे दौलताबादेत बहमनी राज्य स्थापन झालं ते साल. तुघलकाच्या सैन्यात त्याच्या आधी तेलंगणात मोठी साथ आली होती, पण ती हीच होती असं म्हणायला पुरावा नाही, त्यामुळे त्या दोन गोष्टी जोडू नका, बरेच लोक जोडतात.

लॅबवाली_ताई

बाईंनी पिसवांचं लिहिलंच आहे, मी फक्त रोगाचं थोडं जोडते कारण माझं रोजचं कामच जंतूंचं आहे. यर्सिनिया पेस्टिस हा जंतू. तो मुळात रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत असतो, तिथून उंदरात आणि उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरं गरम अंग शोधते, ते माणसाचं. जांघेत, काखेत, मानेला गाठ येते, म्हणून आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणायचे, पेपरात ग्रंथिक सन्निपात लिहायचे. फुफ्फुसात शिरला तर मात्र पिसवाही लागत नाहीत, खोकल्यातून जातो आणि तेव्हा औषध नसल्यामुळे माणूस दोन-तीन दिवसांत जायचा. चौदाव्या शतकात तो इतक्या वेगाने कसा पसरला, उंदराच्या पिसवाच की माणसाच्या अंगावरच्या उवा-पिसवांनीसुद्धा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

पण जंतू तोच होता हे आता पक्कं आहे. लंडनमध्ये ईस्ट स्मिथफील्डला १३४८-४९ मध्ये घाईने काढलेलं दफनस्थान आहे, तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून या जंतूची पूर्ण जनुकीय रचना २०११ मध्ये काढली. आणि २०२२ मध्ये किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या थडग्यांतही तो सापडला, त्या थडग्यांवर साल कोरलेलं आहे, १३३८ आणि १३३९, म्हणजे मेसिनाच्या आठ-नऊ वर्षं आधी. दगडावर मृत्यूचं कारणसुद्धा लिहिलंय, साथ.

त्या काळी कुणालाच काही माहीत नव्हतं. हवा बिघडली, ग्रह एका राशीत आले, देवाचा कोप झाला. आणि तरी काही माणसांनी बघून बघून एक गोष्ट शोधली. १३७७ मध्ये रागुझा म्हणजे आजचं दुब्रोव्निक, तिथल्या नगरसभेने ठरवलं की साथीच्या गावाहून आलेल्यांनी आधी ३० दिवस बाहेर राहायचं. पुढे त्याचे ४० झाले, इटालियन भाषेत चाळीसला क्वारांता, त्यावरून क्वारंटाइन. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर त्यासाठी कायमचं इस्पितळ काढलं. आपल्या आज्यांच्या गावातही हेच होतं, उंदीर पडायला लागले की डॉक्टरची वाट न बघता अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. ही अडाण्यांची भीती नव्हती, बरोबर निरीक्षण होतं, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

हिशेबनीस_डोंबिवली

दादा तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, मी कामगार वस्तीतच वाढलो, तेव्हा जरा लांबण लागली तर समजून घ्या.

मजुरी वाढली, हो. पण व्हिडिओत सांगतात तशी आपोआप नाही आणि लगेच तर अजिबातच नाही. इंग्लंडचं घेऊ कारण तिथले हिशेब टिकलेत. प्लेगच्या आधी तिथे माणसं ५० लाखांच्या आसपास, जमीन कमी, माणूस स्वस्त. शेतावरचा बराचसा माणूस वेठीला बांधलेला, मालकाच्या शेतात फुकट राबायचं, पोरीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरायचे, घरचा कर्ता मेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाकडे जायचं. आता विचार करा, १३४९ मध्ये गावात घरटी माणूस मेला तेव्हा मालकाच्या गोठ्याचं काय झालं असेल? गोठे भरले. मेलेल्यांच्या घरची गुरं आली. म्हणजे पहिला फायदा कुणाला झाला ते बघा.

मग उरलेल्या मजुरांनी जास्त मागायला सुरुवात केली, कापणी तर थांबत नाही ना कुणासाठी. राजा तिसरा एडवर्ड, त्याची स्वतःची मुलगी जोन लग्नाला स्पेनकडे निघाली होती ती वाटेत बोर्डोजवळ या रोगाने गेली १३४८ मध्ये, आणि तरी दुसऱ्याच वर्षी साथ चालू असतानाच त्याने हुकूम काढला की ६० वर्षांखालच्या प्रत्येक धडधाकट माणसाने सांगितलेलं काम केलंच पाहिजे आणि मजुरी प्लेगच्या आधीचीच. धडधाकट माणसाला भीक घालायलाही बंदी. १३५१ मध्ये त्याचा पूर्ण कायदा झाला. गवत कापणाऱ्याला दिवसाला ५ पेनी, पीक कापणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेनी आणि दुसऱ्या आठवड्यात ३, असं एकेक कलम लिहिलेलं. ऐकलं नाही तर खोड्यात घालायचं, आणि त्यासाठी गावोगाव खोडे बसवा असाही हुकूम. १३६३ मध्ये तर नांगऱ्याने आणि गाडीवानाने कुठल्या किमतीचं कापड घालायचं त्याचाही कायदा केला, म्हणजे माणूस मेल्याचं दुःख बाजूला, खालचा माणूस बरे कपडे घालतोय याचंच जास्त दुखलं.

गिरणगावचा_नातू

हे मला माहीतच नव्हतं. गोठ्याचं वाचून अंगावर काटा आला. पण मग हिशेबनीस काका, इतका कडक कायदा होता तर मजुरी वाढली कशी?

हिशेबनीस_डोंबिवली

कारण कायदा करणारेच तो मोडत होते. एका जमीनदाराचं पीक उभं सडत असेल तर तो शेजारच्या जमीनदाराचा माणूस गुपचूप जास्त पैसे देऊन आणणारच, पैसे कायद्याइतकेच लिहायचे आणि वर जेवण, धान्य, कपडा असं द्यायचं म्हणजे वहीत दिसत नाही. आणि वेठीचा माणूस रात्रीतून गाव सोडून जायचा, चार गावं पलीकडे त्याला कुणी विचारायचं नाही तू कुणाचा, कारण त्यांनाही माणूस हवाच होता. त्याआधी पळाला असता तर खाणार काय हा प्रश्न होता, आता नव्हता. मला वाटतं हे पळून जाणं हीच त्यांची खरी ताकद.

पण धान्य महाग राहिलं, साधारण १३७५ पर्यंत. त्यामुळे हातात पैसे जास्त दिसले तरी पोटात फार काही गेलं नाही, पहिली २५ वर्षं अशीच गेली. आणि प्लेग एकदा येऊन गेला असं नाही, १३६१ मध्ये परत आला, तेव्हा मुलं इतकी गेली की लोक त्याला मुलांची साथच म्हणायचे, मग १३६९, मग परत. लोकसंख्या भरूनच येईना, १४५० च्या सुमाराला २० ते २५ लाखांवरच होती.

त्यात फ्रान्सशी लढाई चालू, तिला पैसा हवा म्हणून डोईपट्टी बसवली, १३७७, १३७९, आणि १३८० ची तर माणशी एक शिलिंग, गरीब आणि श्रीमंत सगळ्यांना जवळपास सारखीच. मग १३८१ च्या जूनमध्ये एसेक्स आणि केंटचे लोक उठले आणि लंडनवर गेले. त्यांनी सगळीकडे आधी काय केलं माहितीये, जमीनदारांच्या कचेऱ्यांतली दफ्तरं जाळली, कोण कुणाचा वेठीचा माणूस ते ज्यात लिहिलेलं असतं ती. हे वाचताना मला आपलं पुण्याकडचं सुपं आठवतं, १८७५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांनी तिथे सावकारांची कर्जखतं जाळली होती, तशीच. माणसाला बरोबर कळतं त्याला बांधणारी दोरी कुठल्या कागदात आहे ते. जॉन बॉल नावाचा पाद्री त्यांना विचारायचा, आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती तेव्हा साहेब कोण होता? तेव्हाच्या १४ वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने वेठ बंद करतो म्हणून शब्द दिला, पण १५ जूनला स्मिथफील्डला त्यांचा पुढारी वॉट टायलर बोलणी चालू असतानाच मारला गेला आणि राजाने सगळे शब्द मागे घेतले. जॉन बॉललाही मारलं.

म्हणजे हरलेच ते. पण त्यानंतर डोईपट्टी परत तशी लावायची हिंमत पुष्कळ वर्षं कुणाला झाली नाही, आणि वेठ कुठल्या कायद्याने नाही तर हळूहळू गावागावात, एकेका कुळाशी तडजोड होत होत संपत गेली. पंधराव्या शतकात बांधकामावरच्या माणसाच्या मजुरीत जेवढं धान्य येत होतं ते प्लेगच्या आधीपेक्षा जवळपास दुप्पट होतं. नॉरफोकमध्ये सेजफर्ड म्हणून गाव आहे, तिथे कापणीच्या मजुरांना काय जेवण दिलं त्याचे हिशेब टिकलेत. तेराव्या शतकात मुख्यतः जवाचा पाव आणि मांस नावाला, १४२४ मध्ये गव्हाचा पाव आणि मांस भरपूर. मी हिशेबाचा माणूस, मला लढाया-राजे यांच्यापेक्षा ही नोंद जास्त बोलते. ज्याच्या पणजोबाने जवाचा पाव खाल्ला त्याला गव्हाचा मिळाला, मधे प्लेगनंतरची पाऊणशे वर्षं आणि किती मढी गेली.

कलिना_एमए

हिशेबनीस काकांचं सगळं बरोबर आहे पण ते इंग्लंडचं आहे, आणि मला इथे थोडं अडवायचंय, कारण प्लेग आला की मजूर मोकळा होतो असा काही नियम नाही. इजिप्तमध्ये तोच रोग, तेवढीच माणसं मेली, आणि झालं उलटं. तिथली शेती नाईलच्या पुरावर, म्हणजे बंधारे आणि कालवे दरवर्षी दुरुस्त करायला हजारो हात लागतात. हात गेले, बंधारे फुटले, जमीन पडीक झाली. आणि जमिनीचा महसूल ज्यांच्याकडे जायचा ते मामलूक सरदार कैरोत राहायचे, जमीन त्यांना वंशपरंपरेने मिळालेली नव्हती, नेमून दिलेली, त्यामुळे ती सुधारायची कुणाला पडलेली नव्हती, तेवढाच वसूल कमी माणसांकडून काढायचा एवढंच. आणि ते सगळे एका गटाचे, एकमेकांचे मजूर जास्त पैसे देऊन पळवायचे नाहीत. ट्युनिसमध्ये याच साथीत आईवडील गमावलेला इतिहासकार इब्न खल्दून पुढे लिहितो की जणू जगच बदललं, वस्त्या ओस पडल्या. त्याने ते उगाच नाही लिहिलं.

पूर्व युरोपातही तेच, पोलंड आणि एल्बे नदीच्या पलीकडे. तिथे शहरं लहान, पळून जायचं कुठे? आणि पश्चिमेत धान्याला भाव मिळायला लागला तेव्हा तिथल्या जमीनदारांनी पुढच्या दीड-दोनशे वर्षांत शेतकऱ्याला आणखी घट्ट वेठीला बांधलं. माणसं कमी तर मजूर इंग्लंडमध्ये मोकळा झाला आणि पोलंडमध्ये बांधला गेला. म्हणून नातू दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रोगात शोधू नका, माणसाला दुसरीकडे जाता येत होतं का आणि मालक एकमेकांशी फुटत होते का यात शोधा.

गिरगावच्या_बाई

कलिना, छान मांडलंस ग. मला एकच जोडायचंय, शाळेचं आहे म्हणून. इंग्लंडात तोवर मुलं शाळेत फ्रेंचमधून शिकायची, साहेबांची भाषा फ्रेंच होती ना. जॉन ट्रेव्हिसा नावाच्या पाद्र्याने १३८५ मध्ये लिहून ठेवलंय की पहिल्या मोठ्या साथीच्या आधी हे असं होतं, नंतर बदललं, आता सगळ्या शाळांत मुलं इंग्रजीतून शिकतात. फायदा असा की व्याकरण लवकर येतं, आणि तोटा असा की त्यांच्या डाव्या टाचेला जेवढं फ्रेंच येतं तेवढंच त्यांना येतं. जुने फ्रेंच येणारे मास्तर गेले आणि नवीन आले ते घरची भाषा बोलणारे, हेही त्यामागचं एक कारण मानतात. मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या मला ही ओळ कधी विसरता आली नाही.

आणि पाद्र्यांचंही तेच. मरणाऱ्याजवळ जायचं कामच त्यांचं, त्यामुळे जे प्रामाणिक होते ते आधी गेले. १३४९ च्या जानेवारीत बाथ आणि वेल्सच्या बिशपने पत्र काढलं की पाद्री मिळत नसेल तर मरताना साध्या माणसाजवळ पापाची कबुली द्या, पुरुष नसेल तर बाईजवळसुद्धा. त्या काळी हे केवढं मोठं होतं विचार करा.

वांद्र्याचा_आंद्रू

माझं आडनाव वेगळं असलं तरी आम्ही घरात मराठीच बोलतो, म्हणून लिहितोय. एक गोष्ट राहिली ती मला टोचते. या साथीत ज्यूंना मारलं. त्यांनी विहिरीत विष घातलं अशी आवई उठवली, छळ करून कबुल्या घेतल्या, आणि गावंच्या गावं पेटली. स्ट्रासबर्गला १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि तेव्हा त्या शहरात प्लेग आलेलाही नव्हता. नंतर काय केलं, तर त्यांच्याकडून घेतलेली कर्जं रद्द केली आणि पैसे वाटून घेतले. अविन्योंमधल्या पोप सहाव्या क्लेमेंटने दोनदा फर्मान काढून सांगितलं की अरे ज्यूही याच रोगाने मरतायत, त्यांना हात लावू नका, पण ऐकतो कोण. बरेच ज्यू तिथून पूर्वेला पोलंडकडे गेले आणि पुढची शेकडो वर्षं तिथेच राहिले. मजुरीचा हिशेब करताना हाही त्याच साथीचा टिकलेला परिणाम आहे, तो विसरू नये असं मला वाटतं.

आमच्याकडे वांद्र्यात, खोताची वाडीत, माझगावला रस्त्याच्या कडेला जे क्रॉस दिसतात ना, त्यातले बरेच १८९६ नंतरच्या प्लेगमधले आहेत, साथ टळू दे म्हणून बांधलेले. आमच्या गल्लीतल्या क्रॉसपाशी मे महिन्यात अजून प्रार्थना होते.

बीआयटी_चाळ_आग्रीपाडा

आता तुमच्या खापरपणजोबांकडे येतो. तुमच्या आजी बरोबर सांगत होत्या, ही नुसती घरची गोष्ट नाहीये. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत ८ लाखांवर वस्तीच्या मुंबईतली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली. नुसती रोगाला भिऊन नाही, तर तपासणीला. सरकारी लोक घरात शिरायचे, रोग्याला ओढून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान जाळायचे, दारावर खुणा करायचे. आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार ऑक्टोबरातच चालून गेले होते.

आणि मग गिरण्यांचं काय झालं, तर १८९७ च्या सुरुवातीला माणूसच मिळेना. गिरण्यांचे लोक रस्त्यांच्या नाक्यांवर उभे राहून कामगारांसाठी बोली लावायचे, तो चार आणे जास्त म्हणतोय तर मी सहा, आणि कामगारांनी अट घातली की महिन्याचा पगार नको, रोजचे पैसे रोज. मालकांच्या संघटनेने हे बंद करायचा प्रयत्न केला पण त्यांचेच सभासद ऐकेनात. म्हणजे १३५१ चं इंग्लंड आणि १८९७ चं परळ इथे एकदम सारखं.

मग टिकलं का नाही? एक तर इंग्लंडमध्ये माणसं मेली आणि पिढ्यान् पिढ्या भरून आली नाहीत. मुंबईत मेली तीही पुष्कळ, पण जास्त पांगली होती, आणि कोकणात, घाटावर जमिनीच्या तुकड्यावर पोट भरत नव्हतं म्हणून परत आली. त्यात १८९६-९७ ला दुष्काळ पडलेला, म्हणजे गावाकडून आणखी माणूस मुंबईकडे ढकलला जात होता. कलिना म्हणाली तसं, पळून जायला जागा होती गाव, पण गावात खायला नव्हतं. काही महिन्यांतच गिरण्यांना माणूस मिळायला लागला आणि रोजचा रोख गेला.

प्लेग मात्र गेला नाही, पुढे वीस-पंचवीस वर्षं येत राहिला आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. सावित्रीबाई पुण्यात रोग्यांची सेवा करता करता त्यातच गेल्या, १० मार्च १८९७. मुंबईत त्यातून काय उरलं म्हणाल तर शहर सुधारायला काढलेला १८९८ चा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे बीआयटी, दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, परळची हाफकिन संस्था, आणि आमच्या या चाळी. पण ट्रस्टने गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्या गल्लीत आणखी दाटीत जाऊन राहिला. मी आमच्या जिन्यातून वर जाताना कधी कधी विचार करतो की ही खोली कुणाच्या मरणातून उभी राहिली.

गिरणगावचा_नातू

सगळ्यांचे किती आभार मानू. रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं, नाक्यावरच्या बोलीचं आलं तेव्हा ती एकदम म्हणाली थांब, सासूबाई आणखी एक सांगायच्या, तू लहान होतास. रोजचा रोख होता तेवढे दिवस खापरपणजोबा संध्याकाळी पैसे कनवटीला लावून थेट वाण्याकडे जायचे आणि रोखीने तांदूळ आणायचे, उधारीच्या वहीत त्यांचं नाव त्या दिवसांत नव्हतं. मग महिन्याचा पगार परत सुरू झाला, तोही मागच्या महिन्याचा पुढच्या महिन्यात, आणि वाण्याने वहीचं नवीन पान काढलं. आई म्हणाली, ते पान आजोबा गिरणीतून रिटायर होईपर्यंत चालू होतं.

हिशेबनीस काका, ती सेजफर्डची जवाच्या पावाची नोंद आहे ना, ती मी आईला दोनदा वाचून दाखवली.